मिस्त्रीमामा, तुमचे आभार मानायचे राहून गेले

मिस्त्रीमामा, नमस्कार.

हिशेब झाला त्या दिवशी तुम्ही घाईत होता, म्हणून हे पत्र. मुद्दाम सगळ्यांपुढे लिहितेय; घरात बाथरूम काढणाऱ्या आणखी कुणाला उपयोग झाला तर बरंच.

साताऱ्यातल्या आमच्या शनिवार पेठेतल्या घराची माडी लाकडी. वर विटांची भिंत झेपायची नाही, सिमेंट बोर्ड उभा करून त्यावर टाइल्स लावा, हे येईल तो सांगत होता. बोर्ड कापायचा कसा, हे मात्र तुम्हीच सांगितलंत. बाकीचे ग्राइंडर घेऊनच जिना चढायला निघाले होते. तुम्ही पिशवीतून कार्बाइडच्या टोकाचा चाकू आणि लोखंडी पट्टी काढलीत. पट्टी घट्ट दाबायची, एकाच रेघेवरून चार-पाच वेळा चाकू ओढायचा, मग रेघ फळीच्या कडेवर आणून एक झटका. बोर्ड सरळ तुटला. खाली पडली ती चिमूटभर भरड भुकटी.

"ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरं घेतो, सिमेंटचं पार पीठ करतो. ताई, दिसती ती धूळ नाकात अडकती. दिसत न्हाय ती आत जाती," तुम्ही म्हणालात. नंतर मी वाचलं. त्या बारीक धुळीतल्या सिलिकानं, म्हणजे वाळूतल्या खनिजानं, सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९७ सालीच तिला कर्करोगकारक ठरवलंय. तरी कामावर कुणी मास्क लावला की बाकीचे हसतात, हे मला कधी कळलेलं नाही. तुमच्या हाताखालच्या पोरानं तोंडाला रुमाल बांधला, तर तुम्ही तो सोडायला लावलात आणि एन-९५ दिलात, नाकावरची पट्टी स्वतः दाबून बसवलीत.

कमोडच्या पाइपाजवळचा खाचा चाकूनं निघण्यासारखा नव्हता. तो तुम्ही गच्चीवर जाऊन, वारा पाठीशी घेऊन जिगसॉनं, त्या विजेवरच्या बारीक करवतीनं, कापलात. संध्याकाळी आईनं केरसुणी उचलली तेव्हा तुम्ही जवळजवळ ओरडलातच! आधी पाणी शिंपडून ओल्या फडक्यानं पुसून घेतलंत. कामाचे कपडे घरात झटकायचे नाहीत, वेगळे धुवायचे, हेही सांगितलंत.

सगळ्यात मोठे आभार जुन्या पत्र्याबद्दल. न्हाणीघरावरचा सिमेंटचा पत्रा कापून टाकीवर झाकण करावं, असं बाबांच्या मनात होतं. नव्या बोर्डात सेल्युलोजचे, म्हणजे लाकडाच्या लगद्याचे, तंतू असतात, पण असल्या जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू असतात आणि त्यांचा फुप्फुसाचा आजार वीस-तीस वर्षांनीही डोकं वर काढतो, हे तुम्ही बाबांना शांतपणे समजावलंत. पत्रा ओला करून, न मोडता, बोल्ट सोडवून अख्खा उतरवलात. बाबा कुणाचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकलं.

पुढचं काम, सांध्यांना जाळीची पट्टी, वॉटरप्रूफिंगचा हात, मग टाइल्स, तेही चोख झालंय.

समोरच्या काकूंकडेही माडीवर बाथरूम काढायचंय. त्यांना तुमचा नंबर दिलाय. मास्क आणि चाकूच्या पात्यांचे पैसे अंदाजात वेगळे धरा. त्या घासाघीस करतील, पण तेवढे कमी करू नका.

तुमची,
माडीवाल्या घरातली ताई