इतवारीतील वाइंडिंगवाल्या काकांस आभाराचे पत्र

नागपूर

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

मागच्या श्रावणात, पोळ्याला आठच दिवस उरले असताना, माझ्या विजेच्या भट्टीतल्या जळालेल्या कॉइलचे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून मी आपल्या दुकानाच्या पायरीवर उभी होते, ते आपल्या लक्षात असेल. आपल्यापुढे पाणबुडी पंपांच्या मोटारी ओळीने पडलेल्या होत्या आणि त्यांचे मालक बाकावर ताटकळत होते. तरी आपण चष्मा वर सरकवून मला विचारलेत, "ताई, माती कितीवर भाजता?" त्याआधी मी ज्यांना ज्यांना तार दाखवली होती, त्यांपैकी कोणीही हा प्रश्न विचारला नव्हता. माझे उत्तर होते साडेनऊशे अंश सेल्सिअस. पुढची सगळी गणिते आपण त्या एका आकड्यावरून मांडलीत, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. घरी छोटी भट्टी बांधणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांची तार याच ठिकाणी तुटत असणार.

तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे मुलांच्या पोळ्यासाठी, मी मातीचे लहान नंदी करते. भट्टी घरीच बांधलेली, आतून प्रत्येक बाजूला 22 सेंटिमीटर, इन्सुलेशनच्या विटांची. 230 व्होल्टवर 2000 वॅट हवेत, म्हणजे रोध सुमारे साडेसव्वीस ओहम, इथपर्यंत माझे गणित बरोबर होते. एका तक्त्यात पाहून मी 22 नंबरची नायक्रोम (निकेल-क्रोमियमची) तार 7.9 मीटर मोजून घेतली, कॉइल वळली आणि भट्टीत बसवली. तिसऱ्या भाजणीला, सहाशे अंशांच्या आसपास, ती तुटली. तशीच दुसरी बसवली, तीही गेली. चाळीस नंदी अर्धे भाजलेले आत बसून होते.

आपण उरलेल्या तारेचा तुकडा घेतलात, पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केलात आणि मायक्रोमीटरमध्ये धरलात. माप आले 0.71 मिलिमीटर. मी पाहिलेल्या तक्त्यात 22 नंबरपुढे 0.644 लिहिले होते. तो तक्ता अमेरिकी गेजचा, म्हणजे तारेच्या जाडीच्या अमेरिकी क्रमांकांचा होता आणि आपल्या बाजारात मिळते ती तार ब्रिटिश स्टँडर्ड गेजची, हे आपण दोन वाक्यांत सांगितलेत. नंबर एकच, तार मात्र जाड, त्यामुळे 7.9 मीटरमध्ये साडेसव्वीसऐवजी पावणेबावीसच्या आसपास ओहम बसले आणि माझी दोन हजार वॅटची भट्टी प्रत्यक्षात 2400 हून अधिक वॅट ओढत होती. तेव्हापासून मी तारेचा नंबर विचारतच नाही. मिलिमीटर विचारते, आणि कॉइल वळण्याआधी एक मीटर तार मल्टिमीटरवर तपासून घेते.

मला वाटले, चूक सापडली, आता लांबी वाढवली की काम झाले. तेव्हा आपण तुटलेले टोक भिंगाखाली माझ्यापुढे धरलेत. टोकाला वितळलेल्या धातूचा मोहरीएवढा थेंब होता आणि त्यामागची तार खडबडीत, खवल्याखवल्यांची झाली होती. "तार जळून नाही राहिली ताई, तुम्ही तिला जाळून राहिल्या," असे म्हणून आपण समजावलेत की ओहम बरोबर आले तरी उष्णता तारेच्या कातडीतूनच बाहेर पडते, आणि ती कातडी किती चौरस सेंटिमीटर आहे हे मी मोजलेच नव्हते. मोजले तर माझ्या कॉइलचा पृष्ठभाग 177 चौरस सेंटिमीटरही भरला नाही. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ 14 वॅट! बंद भट्टीत, जिथे भिंतीच साडेनऊशे अंशांवर जातात, तिथे तारेने ही उष्णता टाकायची तरी कुठे?

तार दुप्पट जाड घेतली तर तेवढाच रोध मिळवायला लांबी चौपट लागते आणि पृष्ठभाग आठपट होतो, हे आपण पावतीच्या मागच्या बाजूला पेन्सिलने मांडून दाखवलेत. ती पावती मी जपून ठेवली आहे. त्या हिशेबाने आपण 18 नंबरची, म्हणजे 1.22 मिलिमीटरची कांथल ए-1 (लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची) तार सुचवलीत. तिचा रोध नायक्रोमपेक्षा जास्त असल्याने 21.3 मीटरमध्ये काम भागले. त्याच जाडीची नायक्रोम 28 मीटरहून अधिक लागली असती आणि माझ्या विटांच्या खाचांत मावली नसती. तारेच्या पृष्ठभागावरचा भार आला चौरस सेंटिमीटरला अडीच वॅटच्या आत.

मग आपण ती कॉइल स्वतः वळून दिलीत. 6 मिलिमीटरची सळई हातयंत्रात अडकवून, अंगठ्याला सुती चिंधी गुंडाळून, तार सारख्या ताणाने सोडत आपण साडेनऊशेच्या आसपास वेढे घातलेत आणि मध्ये कोणी हाक मारली तरी मान वर केली नाहीत. दोन्ही टोकांना तार दुहेरी पिळून दिलीत, म्हणजे विटेतून बाहेर येणारा भाग कमी तापेल. पहिली भाजणी रिकामीच करा, हजार अंशांच्या वर काही तास ठेवा म्हणजे तारेवर ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) संरक्षक थर धरेल, आणि त्यानंतर गार तारेला वाकवू नका, ती ठिसूळ होते, असे आपण बजावलेत. प्लगही आपणच 16 अँपिअरचा लावायला सांगितलात, आणि अर्थिंग तपासल्याशिवाय भट्टी सुरू करायची नाही असे माझ्याकडून कबूल करवून घेतलेत.

आणखी एका गोष्टीचा उलगडा मे महिन्यात झाला. घरोघरी कूलर सुरू झाले की संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज 200 पर्यंत उतरते आणि भट्टी साडेआठशेच्या पुढे हलत नाही. माझ्या मनात कॉइलबद्दल शंका आली होती. आपण फोनवर एवढेच म्हणालात की वॅट व्होल्टेजच्या वर्गाने घटतात, तो वर्ग धरा. केला, तर दोन हजाराचे 1510 वॅट उरले होते. आता मी पहाटे चारला भाजणी लावते.

त्या दिवशी आपण तारेचे तेवढे पैसे घेतलेत, मजुरी घेतली नाहीत. अर्धे भाजलेले चाळीस नंदी पुन्हा भाजले, त्यांपैकी सदतीस पोळ्याला गेले. आजवर त्या कॉइलवर 63 भाजण्या झाल्या आहेत. काल मुख्य स्विच बंद करून, भट्टी पूर्ण गार झाल्यावर मोजले: 26.9 ओहम, म्हणजे अजून साडेसव्वीसच्या जवळच. हा आकडा आपल्याला कळवायचा होता. येत्या पोळ्याआधी आपल्या नातवासाठी नंदी घेऊन येते. त्याची शिंगे या वेळी जरा जाड ठेवली आहेत.

आपली नम्र,
नंदीवाली ताई