मामा, कासरा अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय मामा,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल. समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही "चहा ठेव आधी" म्हणून विषय मोडता, म्हणून लिहिते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण बुजरं कुत्रं घरात असलेल्या आणखी कुणाला तरी तुमचं बोलणं उपयोगी पडेल.

टिपूर आमच्याकडे आला तेव्हा अकरा महिन्यांचा होता. दादा अमेरिकेतून कायमचा परतला तो त्याला घेऊनच. मग बेंगळुरूला नोकरी लागली आणि टिपूर कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमच्याकडे राहिला. सात किलो वजन, चौदा इंच उंची, तोंडावर बर्फात गाडी ओढणाऱ्या हस्की कुत्र्यासारखा मुखवटा, एक डोळा निळा आणि एक तपकिरी. रंकाळ्यावर नेलं की घोळका जमायचा. "लांडग्याचं पिल्लू हाय काय ओ?" म्हणत जो तो त्याच्या डोक्यावर हात ठेवायला वाकायचा. तो माझ्या पायांमागे घुसायचा आणि अशी किंकाळी फोडायचा, की मी त्याला मारलं असावं असं लोकांना वाटायचं.

एका ठिकाणी शिकवणीला नेलं. तिथे गळ्यात आवळणारी साखळी घालून त्याला अनोळखी माणसांच्या मधोमध उभं करायचे. सवय होईल म्हणे. चौथ्या दिवशी नुसता साखळीचा आवाज आला आणि तो जागेवर मुतला. मी पुन्हा तिथे गेले नाही. पण ते चार दिवस मी शेजारी उभी राहून बघत होते, हे अजून मनातून जात नाही.

त्यानंतरच्याच आठवड्यात तुम्ही भेटलात. रंकाळ्याच्या कट्ट्यावर तुम्ही आमच्याकडे पाठ करून बसलात आणि पाण्याकडे बघत विचारलंत, "कुठल्या गावचं हे?" चौतीस वर्षं सरकारी जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक म्हणून, म्हणजे मलमपट्टी करण्यात, काढलेला माणूस प्रत्येक जनावराचं गाव आधी विचारतो, हे मला नंतर कळलं. मी सांगितलं, अलास्कातलं वासिला. जात अलास्कन क्ली काई, म्हणजे तिकडच्या भाषेत लहान कुत्रं. 1970च्या दशकात लिंडा स्पर्लिन नावाच्या बाईंनी हस्कीला लहान कुत्र्यांशी जुळवून घरात सोबतीला राहील अशी ही जात तयार केली. तुम्ही म्हणालात, "मग ह्यो गाडी ओढणारा न्हवं. घरातल्या माणसाला धरून राहणारा. परक्याला भिणारच की. ह्यात त्याचं काय चुकलं?"

त्याचं काही चुकत नाही, हे मला तोवर कुणी म्हटलंच नव्हतं.

मग तुम्ही उकडलेल्या बिनमिठाच्या चिकनचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायला लावलेत. तुकडा त्याच्या पुढ्यात टाकायचा नाही, त्याच्या मागे टाकायचा, म्हणजे घास घ्यायला त्याला आपल्यापासून लांब जावं लागेल. हे मला उलटंच वाटलं होतं. "लांब जायला वाट हाय हे त्याला कळू दे," तुम्ही म्हणालात, "मग येईल त्याच्या पायानं." आणि माणसांपासून किती अंतरावर उभं राहायचं याचं मापही तुम्हीच दिलंत: खातोय तोवर ठीक, घास नाकारला की आपण फार जवळ आलो, मुकाट्याने मागे फिरायचं. पहिल्या दिवशी ते अंतर जवळजवळ साठ पावलं होतं. मी वहीत लिहून ठेवायची. दोन महिन्यांनी बावीस, चौथ्या महिन्यात नऊ. भेळेच्या गाड्यांजवळ मात्र ते कधी पंधराच्या खाली आलं नाही, आणि तुम्ही कधी आणायला लावलं नाही.

त्याच दिवसांत तुम्ही संस्थानातल्या चित्त्यांची गोष्ट सांगितलीत. काळवीटाच्या शिकारीसाठी इथे चित्ते पाळत. तुमच्या आजोबांनी लहानपणी चित्ते सांभाळणारे चित्तेवान पाहिले होते. नवा चित्ता आला की त्याला वर्दळीत बाजल्यावर बांधून चित्तेवान दिवसरात्र शेजारी बसायचा, बोलायचा, भरवायचा. मी म्हटलं, मग शिकवणीतही तेच करत होते की! तुम्ही बराच वेळ गप्प राहिलात. मग म्हणालात, "चित्तेवान त्याच्या शेजारनं उठायचा न्हाई, बाळ. तिथं शेजारी कोण होतं?"

हाकेला येणं शिकवायला तुम्ही घरचा कासरा आणलात. बैलांचा दोर, वापरून मऊ पडलेला, दोन जोडून केलेला. तो गळपट्ट्याला न लावता अंगाभोवतीच्या पट्ट्याला (हार्नेसला) पाठीवर अडकवायचा, म्हणजे हिसका मानेला बसत नाही. प्रयाग चिखलीच्या बाजूला तुमच्या मेहुण्यांच्या मोकळ्या रानात रोज सकाळी सातच्या आत आपण जायचो. हाक एकदाच. आला की घास, आणि लगेच पुन्हा सोडायचं. मी सुरुवातीला हाक मारून त्याला थेट घरी न्यायची, म्हणून तो यायचाच टाळायचा. "हाक म्हणजे खेळ संपला असं त्याला वाटतंय," हे तुम्ही एका नजरेत ओळखलंत. कोंबडी दिसली की मात्र तो आजही कुणाचा नसतो, त्यामुळे उघड्यावर कासरा सुटत नाही.

उन्हाळ्यात केस भादरून आणायला मी निघाले होते. तुम्ही अडवलंत. ती दुहेरी लोकर उन्हापासूनही राखते, मुळापासून विंचरून खालची मेलेली लोकर तेवढी काढायची. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात आणि कानामागे गोचीड बघायचे, तेही तुमच्याकडूनच शिकले.

पण हे पत्र खरं तर विसर्जनाच्या रात्रीसाठी आहे.

डॉल्बीच्या दणक्याने खिडक्या थरथरत होत्या. पाहुण्यांना दार उघडलं आणि तो पायांमधून निसटला. अडीच तास आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. तालमीची पोरं बॅटऱ्या घेऊन धावली. शेवटी एका बंद रसाच्या गाड्याखाली ताडपत्रीआड निळा डोळा चमकला. रस्ते बंद, म्हणून तुम्ही चालत आलात. तुम्ही पोरांना गोडीनं लांब पाठवलंत, मला हाक मारू नको म्हणालात, आणि गाड्याकडे पाठ करून डांबरावर बसलात. शेजारी कासरा टाकलात. अधूनमधून एक तुकडा खांद्यावरून मागे. पन्नास मिनिटं. तुमचा गुडघा दुखत होता, हे मला माहीत होतं.

तो आधी कासऱ्याजवळ आला. हुंगला. मग तुमच्या पाठीमागून वळसा घालून आला आणि तुमच्या मांडीवर हनुवटी ठेवली. आठ महिन्यांत तुम्ही त्याला एकदाही हात लावला नव्हता. तेव्हाही नाही लावलात. हळूच मला म्हणालात, "तू घे. तुझा हाय."

त्या रात्री मी आभार मानायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. आता लिहून मानते. मामा, तुमचे खूप खूप आभार.

तुम्ही गावी गेल्यापासून आम्ही दोघं रोज कट्ट्यावर जातो. काल एक शाळकरी मुलगी पाठ करून बसली, मीच तिला तसं सांगितलं होतं. टिपूरने तिचं दप्तर हुंगलं.

दिवाळीत इथे फटाके वाजतील, म्हणून चार दिवस त्याला घेऊन तुमच्याकडे भुदरगडात येतोय. कासरा सोबत आणते. गोठ्यातल्या म्हशीशी त्याची ओळख किती पावलांवरून सुरू करायची, ते तेवढं ठरवून ठेवा.

तुमची,
टिपूरची ताई