ताडपत्रीखालची आसवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान ३ वर ‘कासच्या ग्रामस्थांनी गिरवले निसर्गसंवर्धनाचे धडे’ ही बातमी वाचली. गिरवले म्हणे! पाटी-पेन्सिलपण वाटली असेल. सोबतच्या फोटोत सतरंजीवर मांडी घालून बसलेली म्हातारी माणसे आणि त्यांच्यासमोर माइक घेतलेला, पोराच्या वयाचा एक मुलगा. त्या म्हाताऱ्यांपैकी दोघांना मी ओळखते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, वणवा लागला की हिरव्या डहाळ्या घेऊन आधी पळणारी ही माणसे. त्यांना काल ‘वणव्याचे दुष्परिणाम’ समजावून सांगितले, असे बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे.

मी त्या पठारावरच्या एका गावची माहेरवाशीण. लग्न होऊन साताऱ्यात आले त्याला पंचवीस वर्षे झाली. पत्र लिहायचा माझा स्वभाव नाही, पण ही बातमी वाचून जुनी गोष्ट वर आली, ती सांगितल्याशिवाय स्वस्थ बसवणार नाही.

२०१२ साली कासला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. त्याच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट. गौरी-गणपतीला मी माहेरी गेले होते. आण्णा इरले पांघरून दोन म्हशी सड्यावर घेऊन गेलेले. भाकरी द्यायला मी मागून गेले, तर तिथे शहरातून निसर्ग शिबिर आलेले. सगळ्यांच्या डोक्याला एकसारख्या टोप्या, गळ्यात शिट्ट्या. पाऊस उघडला होता, पण जमीन ओली. म्हणून त्यांनी निळी ताडपत्री अंथरली होती आणि तीस-चाळीस मुले तिच्यावर बसून तक्ता बघत होती. तक्ता कशाचा, तर कीटकभक्षी वनस्पतींचा. आणि ताडपत्री कशावर, तर सीतेच्या आसवांवर. ज्यांनी सप्टेंबरात कास पाहिले आहे त्यांना सांगायला नको. जांभ्यावरच्या बोटभर मातीत, पाणी साचते तिथे, ही जांभळी फुले नुसती अंथरलेली असतात. मुळापाशी बारीक फुगे असतात, त्यात पाण्यातले किडे धरतात. तक्त्यावर त्याचे चित्र होते. हातभर मोठे. रंगीत.

आण्णा कडेला थांबून म्हणाले, “बाळा, ते कापड उचल आधी. खाली आसवं हायती.”

त्या शिक्षकाने ऐकून न ऐकल्यासारखे केले. त्याचे लक्ष म्हशींकडे होते. “काका, गुरं इथं आणायची नाहीत. जैवविविधता नष्ट होते.” आण्णांनी विचारले, ते काय असते? मग त्याला भलताच हुरूप आला. आण्णांना समोर उभे करून दहा मिनिटे समजावले. आण्णा बिचारे हात जोडून ऐकत राहिले, कारण म्हशी पुढे निघून चालल्या होत्या आणि मध्येच उठून जाणे बरे दिसत नाही. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला. चार दिवसांनी तो आपल्याच वृत्तपत्रात आला: ‘गुराख्याचे प्रबोधन करताना शिबिरार्थी’. गावभर हसे झाले. आण्णा स्वतः हसले, पण पुढे पर्यटकांच्या दिवसांत त्यांनी म्हशी त्या बाजूला नेल्या नाहीत.

त्याच दिवशी शिबिरातली एक गोड मुलगी आमच्या दारात येऊन आईला पिवळे फूल दाखवून सांगत होती, “आजी, याला मिकी माउस म्हणतात.” आई जन्मभर त्याला कवला म्हणत आली. आईने मान डोलावली आणि तिला ताक दिले. आमच्याकडे पाहुण्याला खोटे पाडत नाहीत.

पुढे तारेची जाळी आली. गुरे बाहेर, माणसे आत. मग काही वर्षांनी ओरड सुरू झाली की गवत माजले, फुले कमी झाली, आणि याला चराई बंद झाल्याचे कारण आहे असे तज्ज्ञच म्हणू लागले. गुरे गवत खाली ठेवतात, मग वीतभर उंचीच्या गेंदाला, तेरड्याला, सोनकीला ऊन मिळते, शेण पडते ते वेगळेच. शेवटी जाळी काढली. हे सगळे आपणच छापले आहे, मी नव्याने काही सांगत नाही. हजार गुरे सोडली तर फूल उरणार नाही, हेही मला कळते. पण दोन म्हशींच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला, तू काय बघतोस, असे एकदा तरी विचारायला काय हरकत होती? आता गुरे आणा म्हटले तरी आणायची कोठून? आमच्या आळीत बारा गोठे होते, आज दोन आहेत. पोरे मुंबईला. फुलांच्या दिवसांत दीड-दोन महिने येतात, पठार सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या समितीची टोपी घालतात, तिकिटे फाडतात, गाड्या लावून देतात, पर्यटकांना फुले दाखवतात आणि दसऱ्यानंतर परत जातात. त्या समितीचा मला अभिमान आहे हेही नमूद करते. प्लास्टिक वेचणारी, दोरीच्या आत जाणाऱ्यांना बाहेर काढणारी, वर त्यांच्या शिव्या खाणारी ती आमचीच मुले आहेत. त्यांनाच काल ‘कचरा कुठे टाकावा’ हेही शिकवले, असे बातमीत आहे. यवतेश्वरापासून वर कास रस्त्यावर जी बांधकामे उठली आहेत, त्यांच्या मालकांसाठी असले शिबिर कधी आहे, तेवढे कळवावे. सतरंजी मी देते.

माझी भाची साताऱ्यात आठवीला आहे. तिला पर्यावरणाच्या प्रकल्पाला ‘कास पठार’ विषय मिळाला. मोठ्या हौसेने मी म्हटले, रविवारी आजोळी चल, मामी वायतुरा दाखवेल, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. ती म्हणाली, वेळ नाही, दुकानात तयार चित्रे मिळतात. वहीत तिने सूर्यफूल चिकटवले आहे. दहापैकी नऊ गुण.

जाता जाता आणखी एक. ज्या अंकात पान ३ वर संवर्धनाचे धडे, त्याच अंकाच्या पुरवणीत ‘कास झालं? आता ही पाच अनवट पठारं गाठाच!’ असा पानभर मजकूर. कुठे वळायचे, गाडी कुठपर्यंत जाते, तंबू कुठे ठोकता येतो, सगळे नकाशासकट. तिथे ना समिती आहे, ना दोरी, ना हटकणारे कोणी. दोन्ही पाने लावणारी माणसे एकमेकांशी बोलत नाहीत का? आणि त्या पानावर कारवी म्हणून छापलेले फूल तेरड्याचे आहे. हवे तर आईला विचारून सांगते.

शेवटी एक विनंती. २०१३ च्या सप्टेंबरातला तो फोटो आपल्या दप्तरी असेल तर त्याची एक प्रत मिळावी. आमच्याकडचे कात्रण पावसाळ्यात भिंतीच्या ओलीने गेले. आण्णा जाऊन सहा वर्षे झाली. इरल्यातला त्यांचा तेवढा एकच फोटो आहे. खर्च होईल तो देईन. खालची ओळ नको, फोटो तेवढा हवा.

आपली,
एक वाचक, शाहूपुरी, सातारा
(नाव छापू नये, भाऊ समितीवर आहे.)