पूर्ण एक मिनिट

धारणी,
१४ ऑगस्ट

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र मिळालं. 'गावातल्या सातवी शिकलेल्या बाईनं चार दिवसांच्या बाळाला जेंटामायसिन टोचायचं, हे मला झेपत नाही' हे प्रतिजैविकाच्या इंजेक्शनबद्दलचं तुझं वाक्य दोन दिवस डोक्यात आहे. फोनवर बोलले असते, पण या पावसात इथे रेंज कुठली! आणि हे निवांत लिहावं असंच आहे.

परवा आशांचं, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकांचं, प्रशिक्षण होतं. एका ओलीबाळंतीणीच्या घरी पाच-सहा जणी दाटीवाटीनं बसलो होतो. बाळ आईच्या मांडीवर झोपलेलं. एका आशानं हलक्या हातानं झबलं वर केलं, दुसरीनं घड्याळ धरलं. मग कुणी बोलेना. पहिलीची नजर बाळाच्या पोटावर, श्वास मोजत ओठ पुटपुटतायत. मिनिट संपलं. "बहात्तर." मी म्हटलं, पुन्हा मोज. "एकाहत्तर." दोन महिन्यांच्या आतलं बाळ, दोन्ही वेळा साठच्या वर, म्हणजे न्यूमोनियाचा संशय. तासाभरात जीपनं त्याला रुग्णालयात हलवलं. आता बरं आहे.

सुनंदा, इंटर्नशिपमध्ये आपण पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचो, आठवतं? नवजात बाळ भरभर श्वास घेतं, मधेच काही सेकंद थांबतं, पुन्हा भरभर घेतं. पंधरा सेकंदांत नेमकी ती थांबण्याची वेळ आली की आकडा खाली येतो. मी असंच एक बाळ 'अठ्ठेचाळीस' लिहून घरी पाठवलं होतं. चौथ्या दिवशी त्याची आजी एकटीच केसपेपर घेऊन आली. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

हे आकडे आले कुठून, ते मला फार उशिरा कळलं. पापुआ न्यू गिनीतल्या गोरोका गावी फ्रँक शॅन नावाचा बालरोगतज्ज्ञ खोकणाऱ्या मुलांचे श्वास मोजत होता. जिथे एक्स-रे नाही, तिथे कुठल्या मुलाला प्रतिजैविक द्यायचं आणि कुठल्या मुलाला दाखल करायचं, एवढाच त्याचा प्रश्न. त्याचा निबंध १९८४चा. त्याच धाग्यावरून पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं वयाप्रमाणे मिनिटाला ६०, ५०, ४० श्वास या रेषा आखल्या; तेवढे किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाचा संशय.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्यापुढे अडचण वेगळीच होती. गावातल्या दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून त्यांच्या 'सर्च' या संस्थेत मण्यांचं एक साधन बनवलं, शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. मला त्या साधनाचं फार अप्रूप आहे. बाईला शाळेत परत न पाठवता तिच्या बोटांना येतं तेवढ्यावर त्यांनी निदान उभं केलं.

१९९०मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आले. ५८ गावांत न्यूमोनियाच्या ६१२ आजारपणांवर गावातल्याच माणसांनी औषध दिलं. त्यांत शंभरात एकाहूनही कमी मुलं दगावली, ०.८ टक्के. तुलनेच्या ४४ गावांत हेच प्रमाण होतं १३.५ टक्के.

तरी नवजात बाळं हातातून जातच होती. १९९५-९६मध्ये ३९ गावांतली ७६३ बाळं आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन पाहिली. निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज होती आणि डॉक्टरांपर्यंत पोचली ती फक्त २.६ टक्के. यात आईबापांना बोल लावू नकोस. सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही, पावसाळ्यात नाला भरलेला, आणि बाळ तर रडतही नाही. जंतुसंसर्गात तेच तर होतं. रडणं मंदावतं, ओढून दूध पिणारं बाळ पिईनासं होतं, आईला ते हाताला गार लागतं. अशा सात खुणांपैकी दोन एकदम दिसल्या की उपचार सुरू करायचे, असा नियम त्यांनी घालून दिला. या सगळ्या खुणा आईला आपल्याआधी कळतात, हे तूही मान्य करशील.

ज्या सुईला तू घाबरतेस ती इथे आरोग्यदूतांच्या हाती आली. आधी दवाखान्यात न्यायला सांगायचं, घरच्यांनी नकार दिला तरच टोचायचं. जंतुसंसर्ग झालेल्यांपैकी आधी १६.६ टक्के बाळं जायची, ती २.८ टक्क्यांवर आली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या हिशेबानं ६२ टक्क्यांनी घटला. गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, हा तुझा आक्षेप खरा आहे. पण बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये गट चिठ्ठ्यांनी पाडले होते. तिथेही घरभेटींच्या गटात मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. मग काँगो, केनिया, नायजेरियात हजारो बाळांवर सोप्या औषधयोजना तपासल्या आणि २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं, रुग्णालयात नेणं शक्य नसेल तिथे बाहेरच उपचार करा, असं लेखी सांगितलं.

आपल्याकडे २०११पासून आशा घरभेटी देतात, सगळ्या भेटी पुऱ्या केल्या की अडीचशे रुपये. भेटी आल्या, सुई मात्र तिच्या हाती दिली नाही. पुढे नर्सताईंना परवानगी मिळाली, पण माझ्या भागात एकेका नर्सताईकडे पाच-पाच गावं आहेत. पुराच्या रात्री गावात असते ती आशाच. माझं भांडण आहे ते इथेच.

तुझ्या एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बाळांच्या बरगड्या आत ओढल्या जाताना रोज दिसतं. आमच्या आशांनी ते फक्त चित्रात पाहिलंय. आईची परवानगी घेऊन, चेहरा न दाखवता, असे दोन-तीन व्हिडिओ काढून पाठवशील? पूर्ण एक-एक मिनिटाचे. आणि सेकंदकाटा असलेली साधी घड्याळं स्वस्तात कुठे मिळतील तेही बघ, पंधरा लागतील.

काकूंना नमस्कार, चिन्मयला गोड पापा.

तुझी,
अंजू