टॅब दाबून पाहणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

चेंजलॉगमध्ये (नव्या आवृत्तीतल्या बदलांच्या नोंदीत) तुमचं नाव घालू का म्हणून विचारलं, तर "काही गरज नाही, किरकोळ काम होतं" म्हणून तुम्ही विषयच संपवलात. तुमच्या लेखी किरकोळ असेल. म्हणून नाव न घेता, पण चारचौघांत आभार मानतोय. रागावू नका.

आमचं बॅकअपचं टूल वापरतात ते रात्रपाळीचे ऑपरेटर. पायथन 3.9 मध्ये आर्गपार्सला (कमांडसोबत टाइप केलेले ऑप्शन वाचणाऱ्या पायथनच्या लायब्ररीला) बूलियन ऑप्शनल ॲक्शन नावाची सोय आली; --कलर असा एक ऑप्शन लिहिला की त्याचं --नो-कलर हे उलटं रूप आपोआप तयार. आम्ही ते घेतलं आणि कोड छान आटोपशीर झाला. पण कमांड टाइप करताना टॅब दाबला की पुढचे ऑप्शन सुचवणारी जी यादी येते, ती जवळपास दुप्पट. पर्याय शंभरावर गेले की बॅश (टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्रॅम, म्हणजे शेल) आधी विचारतं, सगळे दाखवू का, वाय की एन? मध्यरात्री ज्याला फक्त --नो-डिलीट (काही पुसू नको) हवाय तो वैतागून एन दाबतो आणि आठवेल ते टाइप करतो. आणि डिलीटच्या बाबतीत "आठवेल ते" हा प्रकार परवडणारा नाही.

हे गाऱ्हाणं मी तुमच्याआधी बऱ्याच जणांपुढे मांडलं होतं. एक म्हणाले, लोकांना मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) वाचायला शिकवा. दुसऱ्यांनी एक लिंक चिकटवली, सोबत शब्दही नाही. तिसऱ्यांचा सल्ला, --नो- वाले कम्प्लिशनमधून, म्हणजे टॅबच्या यादीतून, काढूनच टाक. म्हणजे नेमके जे हवेत तेच गायब. आणि एका मोठ्या अनुभवी गृहस्थांनी तर "हे असंच चालणं अपेक्षित आहे" असा शेरा मारून तक्रार बंदच केली. ताटात काय वाढलंय ते न बघता मीठ कमी आहे म्हणून सांगणारी मंडळी! यांतल्या एकानेही टॅब दाबून पाहिला नव्हता, हे मी पैजेवर सांगतो.

तुम्ही पाहिलात.

तुमच्या पहिल्या उत्तरात मत नव्हतंच. आमची स्क्रिप्ट तुम्ही स्वतःच्या मशीनवर घेतलीत, टर्मिनलची खिडकी मुद्दाम 80 कॉलमांची केलीत (ऑपरेटरच्या खोलीतला स्क्रीन लहान आहे हे मी ओघात लिहिलं होतं, ते तुम्ही लक्षात ठेवलंत) आणि डॅश डॅश एन टाइप करून टॅब दाबलात. पुढे सरकून ते --नो पाशी थबकलं, कारण आमच्याकडे --नोटिफाय नावाचाही एक ऑप्शन आहे आणि तिथवर दोघांची अक्षरं सारखीच. पुन्हा टॅब, आणि पडदाभर --नो-, --नो-, --नो-. ते सगळं जसंच्या तसं तुम्ही पाठवलंत आणि खाली एकच ओळ लिहिलीत: "मी इथे अडकले."

ताई, ही ओळ वाचून मला जे वाटलं ते नीट सांगता येत नाही. इतके दिवस "ऑपरेटर अडकतात" असं मी सांगत होतो आणि समोरचे ऑपरेटरांच्या अकलेविषयी बोलत होते. तुम्ही "लोक अडकतील" असं नाही लिहिलंत, "मी अडकले" लिहिलंत. शेलमध्ये इतकी वर्षं मुरलेलं माणूस जिथे अडकतं, तिथे रात्रपाळीच्या पोराला कोण नावं ठेवणार? तो स्क्रीन मी टीमच्या मीटिंगमध्ये लावला आणि वाद तिथेच मिटला.

पुढचं सगळं त्यातूनच आलं. गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलने) 2018 मध्ये हाच गुंता कसा सोडवला ते तुम्ही दाखवलंत: पहिल्या यादीत सगळी उलटी रूपं ओतायची नाहीत, "--नो-..." अशी एकच खूण ठेवायची, आणि माणसाने --नो- पर्यंत टाइप केलं की मग सगळी उघडायची. पण नुसतं "गिटसारखं करा" म्हणून सोडलं नाहीत. ती ठिपक्यांची खूण एकटीच उरली तर बॅश ते तीन ठिपके खरोखर कमांडमध्ये टाइप करून टाकेल, हे तुम्हीच सांगितलंत. तेव्हा फक्त --नो- भरायचं आणि पुढे स्पेस द्यायची नाही. (त्यासाठी लागणारी कॉम्पऑप्ट ही कमांड बॅश 4 पासूनची, आणि मॅकवर बॅश अजून 3.2 च येतं. ते रडगाणं वेगळं.)

आणि ज्यावर मी अजून खूश आहे ती गोष्ट: जोडीतलं कुठलं रूप आधी दाखवायचं? ज्याने काही बदलतं ते. आमच्याकडे डिलीट मुळातच चालू असतं, म्हणून पहिल्याच यादीत --नो-डिलीट दिसतं आणि साधं --डिलीट मागे राहतं. कलर बंद असतो, म्हणून --कलर पुढे. हे ऐकल्यावर इतकं उघड वाटतं की आपल्याला का सुचलं नाही याचंच नवल.

मला वाटतं, भल्या माणसाला हुशारीपेक्षा थोडी सवड जास्त लागते. समोरचा काय सांगतोय ते एकदा करून बघण्यापुरती. आमच्या धंद्यात हुशार माणसं पैशाला पासरी आहेत. करून बघणारी फार थोडी. तुमचा माझा परिचय नाही, त्या टूलशी तुमचा संबंध नाही, तुम्हाला त्यातून एक पैसा मिळणार नव्हता.

नवी आवृत्ती आता सगळ्या मशीनवर चढली आहे. एका ऑपरेटरने विचारलं, "यादी लहान कशी झाली हो? काही काढून टाकलंत का?" काहीही काढलेलं नाही म्हटल्यावर त्याने --नो- टाइप करून टॅब दाबला आणि खात्री करून घेतली.

झेडशेलचं (बॅशसारख्याच दुसऱ्या शेलचं) काम अजून बाकी आहे. तिथे कम्प्लिशन लिहिताना --कलर आणि --नो-कलर एकाच कंसात बांधले की एक टाइप केल्यावर दुसरा दिसेनासा होतो, आणि आमच्या लोकांच्या स्क्रिप्टमध्ये तर आधी एक घालून शेवटी उलटा घालायची सवय आहे. तो कंस ठेवावा की सोडावा, माझं ठरत नाहीये. स्क्रिप्ट पाठवतो. सवड असेल तरच बघा.

तुमचा ऋणी,
बॅकअपवाला