बेडमंडचं पत्र्याचं चर्च आणि आपला मंडप

वॉटफर्ड, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

चार महिने तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही, चूक माझीच. इकडे सगळे बरे, शुगर कंट्रोलमध्ये, बस.

आजचं बायकोला सांगून बघितलं, ती म्हणाली झोपा आता. म्हणून तुला लिहितोय. इथून जवळ बेडमंड म्हणून गाव आहे, एकमेव इंग्रज पोप झाला ना, एड्रियन चौथा, तो याच भागातला म्हणतात. तिथे फिरायला गेलो, पाऊस आला म्हणून रस्त्याकडेच्या चर्चच्या आडोशाला गेलो, बघतो तर अख्खं चर्च पत्र्याचं! भिंतीसुद्धा पन्हळी पत्र्याच्या, वर छोटासा घंटेचा मनोरा. आणि तो आवाज रे. तोच. आधी तडतड आणि मग एकदम धो धो. आषाढात आपल्या पत्र्याच्या मंडपात भजन चालायचं आणि पावसाला हरवायला नाना टाळ आणखी जोरात आपटायचे, तो. भिंतीला हात लावून किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक, पन्हळीतून पाणी मनगटावरून बाहीत शिरलं तेव्हा भानावर आलो.

घरी येऊन तेच वाचत बसलो. 1880 चं आहे, खर्च 80 पाउंड! तेव्हा अशी चर्चं कॅटलॉग बघून मागवायचे, सुटे भाग रेल्वेने यायचे, गावात आणून जोडायचे. बिनलाटांचा पत्रा लगेच वाकतो, लाटा पाडल्या की तोच वजन पेलतो, ही युक्ती लंडनच्या गोदीतल्या पामर नावाच्या इंजिनियरची, 1829 ची. व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याने 1851 मध्ये स्कॉटलंडमधल्या बालमोरलच्या वाड्यावर नाचायचा हॉलच पत्र्याचा मागवला होता. विल्यम मॉरिससारख्या तेव्हाच्या कलावंतांना मात्र हे पत्रे डोळ्यासमोर नको असायचे. तात्पुरतं म्हणून उभं केलेलं आज ग्रेड 2 वारसा आहे, परवानगीशिवाय पाडता येत नाही.

आणि आपल्या मंडपाबद्दल मी तुला फोनवर काय बोललो होतो? "पत्र्यात काय ठेवलंय, स्लॅब टाका, पैसे मी देतो." तू गप्प झालास आणि फोन ठेवलास. बाळ्या, तू बरोबर होतास. तेव्हापासून छातीवर दगड आहे, मेसेजला उत्तर न देण्याचं कारणही तेच. आता भीती एवढीच की माझ्या पैशाच्या जोरावर कमिटीने काम काढलं तर नाही ना? दिवाळीनंतर पाडायचं म्हणत होते.

मंडपाच्या पत्र्याला ते भोक मात्र तूच पाडलंस, कैरीला मारलेला दगड तुझाच होता, मार मी खाल्ला. त्या भोकातून दुपारी फरशीवर उन्हाचा रुपया पडायचा आणि आपण तो पायाखाली धरायचो.

ताईची दहावी कशी गेली? टेम्पोचे हप्ते फिटले का? वहिनींना नमस्कार.

पैसे देतो म्हटलं ते देणारच, पण पत्र्यासाठी. वासे, रिपा बघून घे, गंज खिळ्यांशी आणि खालच्या कडेला आधी धरतो, तेवढेच पत्रे बदल, वायसर नवे टाक, बाकीला रेडऑक्साइड मार. सदाला सांगून आज रात्रीच कमिटीला थांबव, मी सकाळी सहाला फोन करतो, तुमचे साडेदहा झालेले असतील. उचल.

तुझा,
पम्या