1988 चा चित्रपट भाड्याने घेतला, लागला 1993 चा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : डच चित्रपटाचे पैसे घेऊन अमेरिकी रीमेक दाखवल्याबद्दल

महोदय,

गेल्या शनिवारी रात्री तुमच्या ॲपवरून मी 'द व्हॅनिशिंग' 149 रुपये भरून भाड्याने घेतला. पानावर साल 1988, दिग्दर्शक जॉर्ज स्लुइझर, भाषा डच आणि फ्रेंच, असं स्पष्ट लिहिलं आहे. पोस्टरही त्याचंच. सुरू झाला तो मात्र 1993 चा हॉलिवूडचा रीमेक. पडद्यावर अमेरिकी नट जेफ ब्रिजेस दिसताच मी म्हणालो, हा तो नव्हे. पण मेहुणी आणि साडू खास जेवायला आलेले, ताटं वाढलेली. "लागलाय तर बघू या," असं ठरलं आणि सगळ्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

रविवारी चॅटवर तक्रार केली. तुमच्या प्रतिनिधीचं उत्तर : कथा तीच आहे, दिग्दर्शकही तेच आहेत, आणि चित्रपट पूर्ण पाहिल्यामुळे परतावा मिळणार नाही.

दिग्दर्शक तेच, हे खरं. स्लुइझर यांनी आपलाच सिनेमा पाच वर्षांनी अमेरिकेत पुन्हा केला. टिम क्राबे यांची छोटी कादंबरीही दोन्हींच्या मुळाशी आहे. मूळ सिनेमात फ्रान्समधल्या एका पेट्रोल पंपावर सास्किया थंड पेयं आणायला जाते आणि परत येत नाही. तिचा मित्र रेक्स तीन वर्षं एकाच प्रश्नामागे वेडा होतो : तिचं झालं काय? ते ज्याला माहीत आहे तो लेमोर्न हा रसायनशास्त्राचा शिक्षक, बायको आणि मुलींत रमणारा, अपहरणाची तालीम करताना स्वतःची नाडी मोजणारा. बेर्नार-पिएर दोनादियू या नटाने तो इतका साधा ठेवला आहे की तो शेजारी राहत असावा असं वाटतं. जेफ ब्रिजेस नट मोठा, पण रीमेकमधल्या याच भूमिकेत तो विचित्र हेल काढून बोलतो आणि पहिल्या दहा मिनिटांत 'मी खलनायक' अशी पाटीच लावून घेतो.

शेवटाचं तर विचारूच नका. मूळ सिनेमात रेक्सला सोडवायला कुणी येत नाही. रीमेकमध्ये नवी मैत्रीण धावून येते, फावडं चालतं, दुष्टाला शासन होतं. माझ्या पत्नीला हा शेवट आवडला. आता मूळचा शेवट वेगळा आहे हे ती मानायलाच तयार नाही.

माझं खरं नुकसान 149 रुपयांचं नाही. बेपत्ता झालेल्या मुलीचं काय झालं, हे कोडं दोन्ही सिनेमांत एकच आहे आणि ते माणसाला एकदाच सुटतं. मला ते तिघांना मूळ सिनेमातून दाखवायचं होतं. तुम्ही ते भलत्याच सिनेमातून फोडलंत. याचा परतावा तुमच्याकडे नाही, मलाही ठाऊक आहे.

तरी पैसे परत करावेत आणि त्या पानाला योग्य चित्रपट जोडावा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. पावती आणि पानाचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

जाता जाता : मेहुणी विचारते आहे, तुमच्याकडचा 1993 चा भाड्याने घेतला तर 1988 चा लागेल का? तेवढं कळवावं, म्हणजे आणखी 149 रुपये टाकायचे की नाही ते ठरवता येईल.

आपला ग्राहक